ओठावरची राख

धारबंदर,
ता. २८ ऑगस्ट १९२६

तीर्थरूप आप्पांस,

सत्यवतीचा नमस्कार. साष्टांग लिहायची रीत आहे, पण या वेळी हात वळत नाही. नुसत्या नमस्कारावर भागवून घ्या.

हे पत्र सदाच तुम्हाला वाचून दाखवणार, हे मला ठाऊक आहे. तुमच्या घरात अक्षरं येणारं दुसरं आहे कोण? दलालाचे कागद वाचता यावेत म्हणून तुम्ही मला चार इयत्ता शिकवलंत, आणि मी लग्न होऊन खाडीच्या या काठाला आले तेव्हा माझ्या जागी माझ्या धाकट्या भावाला मास्तरांपुढे बसवलंत. बरं झालं. सदा, मोठ्यानं वाच. काही गाळू नकोस. गाळलंस तर आप्पांना कळायचं नाही, तुला मात्र कळेल.

चांगदेवला आम्ही जाळलं. पोलीसपाटलानं लिहून घेतलं की पोहताना बुडाला. तुमच्या सोनपाड्याच्या पंचांनी मान डोलावली, आमच्या धारबंदरच्या पंचांनीही डोलावली. दोन्ही गावांचं एकमत मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. खरं कळलं तर सरकार खेळ बंद करील आणि खाडीच्या मुखाचा लिलाव पुकारील, ही सगळ्यांना धास्ती. आप्पा, चांगदेव बुडाला नाही. तिथे घोटाभरसुद्धा पाणी नव्हतं.

तुमच्या लेखी तो धारबंदरचा एक गडी. माझा तो दीर, पण मी या घरात आले तेव्हा चार वर्षांचा होता आणि त्याला आई नव्हती. त्याच्या भाकरीतले बोंबलाचे काटे मी काढले. ताप आला की तो माझ्या कुशीत निजायचा. माझा तुकाराम आता वर्षाचा आहे, पण आई व्हायला मी चांगदेववर शिकले. तेरा वर्षांचा झाला होता.

लहानपणी तुम्हीच सांगायचात. आजोबांच्या वेळी खाडीच्या मुखाशी जाळ्याचे खुंट कुणी ठोकायचे यावरून दोन्ही गावांत कोयते चालायचे. एका वर्षी इतके पुरुष मेले की बायकांनी होड्या अडवल्या. मग थोरांनी ठरवलं, पुरुषांनी लढायचं नाही. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, ओहोटीच्या वाळूवर, मिसरूड न फुटलेल्या पोरांनी हुतुतू खेळायचा. जिंकेल त्या गावाचे खुंट वर्षभर मुखाशी. पोरांच्या खेळात कुणी मरत नाही, असं ते थोर म्हणाले. शहाणे होते बिचारे.

त्यांनी तिसऱ्या गावचा न्हावी बोलवायची चाल घातली. तो बोटानं पोराच्या वरच्या ओठावर राख लावतो आणि फुंकर मारतो. केस असेल तर राख धरते, नसेल तर उडते. राख धरली की पोर बाहेर. मग आपल्या आयांनी काय शोधून काढलं, तर चिमटा. खेळाच्या आधी आठवडाभर ओठ उपटायचा, लाली गेली की बेसनानं धुवायचा. माझ्या माहेरी काय चालतं ते मला कुणी सांगायला नको. सदाचा ओठ तुम्ही स्वतः धरून बसला असाल.

सदा जन्मला तेव्हा मी सात वर्षांची होते. सुइणीला पाणी मी तापवून दिलं होतं. बाबाजी न्हाव्यानं त्याच्या ओठावरून बोट फिरवलं, राख उडाली, तेव्हा मी बायकांच्या घोळक्यातून पुढे झाले आणि सगळ्यांदेखत म्हटलं, "यो पोऱ्या अठरा वर्षांचा हाय. माजा भाव हाय, मना ठाव हाय."

तुम्ही तिथेच उभे होता. तुम्ही समुद्राकडे पाहिलंत. आणि माझ्या तोंडावर हात कुणी ठेवला माहीत आहे? माझ्या नवऱ्यानं. बुधाजी कानाशी म्हणाला, "गप ऱ्हा. आपलंय पन दोन तसंच हान." म्हणजे आमच्या बाजूनंही ओठ उपटलेले दोघे उभे होते. एकाचं खोटं बाहेर पडलं असतं तर दुसऱ्याचंही पडलं असतं, म्हणून दोन्ही गावांनी मला मागे ओढलं.

आता सदा, इथून हळू वाच. चांगदेव श्वास धरून तुमच्या हद्दीत आला. दम त्याचा लांब होता, खाडीत नांगराचा दोर धरून पाण्याखाली बसायचा तो. तू त्याला कमरेला धरलंस, तुमचे आणखी दोघे त्याच्या पायांवर पडले. नियमानं तो 'हुतुतू' म्हणत होता तोवर बाद नव्हता. त्याचा दम तुटेना, म्हणून तू त्याची मान धरून तोंड ओल्या वाळूत दाबलंस. वाळूतूनही आवाज येत होता. मला येत होता, मग तुझ्या हाताखालून तुला आला नसेल? मग तो थांबला. तुमचं गाव 'मेला मेला' म्हणून नाचलं, खेळात गडी बाद झाला की नाचतात तसं. तू उठलास. तो उठला नाही. त्याच्या तोंडात मी बोट घातलं तर दाढांपर्यंत वाळू होती. ती निघता निघेना.

आप्पा, सोनपाड्यात तुमचा शब्द चालतो. एकदाच दोन्ही गावांपुढे उभे राहून म्हणा की माझा पोर अठरा वर्षांचा होता. तुमच्या एका वाक्यानं हा खेळ थांबेल. मला दुसरं काही नको.

अजून तरी तुमचीच मुलगी,
सत्यवती


धारबंदर,
ता. २० ऑगस्ट १९२७

तीर्थरूप आप्पांस नमस्कार.

वर्षानं तुमचा निरोप मिळाला, तोही बाबाजीच्या तोंडी. "पोरीनं सासरचं बगावं, खेल तो खेल." बरं. मग सासरचंच सांगते.

या वर्षी मुख आमचं झालं, हे तुम्ही पाहिलंतच. ते कसं झालं ते ऐका. बुधाजीनं पावसाळाभर आमच्या मागच्या पडवीत पोरं तयार केली. खाटकाकडून बकऱ्याच्या तंगड्या आणायचा आणि गुडघा कुठल्या बाजूनं दाबला की मोडतो ते पोरांकडून करवून घ्यायचा. पोरं हसत हसत करायची. त्या तंगड्या मग मीच शिजवल्या, त्यांनीच खाल्ल्या. खेळणाऱ्या पोराला इथे रोज अंडी, मुशीचं तेल, दर्यावर जायचं नाही, शाळेत जायचं नाही. त्याच्या आईला विहिरीवर पहिली घागर. आणि ज्या दिवशी त्याच्या ओठावर राख धरते त्या दिवसापासून त्याला कुत्रं विचारत नाही. काल राजा होता, आज वल्ह्यावर बसवतात आणि शिव्या घालतात. म्हणून पोरांनाच मोठं व्हायची भीती वाटते. चौदा-पंधरा वर्षांची पोरं आरशाचा तुकडा घेऊन ओठ चाचपत बसलेली मी पाहिली आहेत.

तुमच्या तुळशी नाखव्याच्या पोराचा गुडघा मोडला तेव्हा मी वाळूच्या कडेलाच होते. सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. आप्पा, तो आवाज ऐकून मला बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. ते पोर आईला हाक मारत होतं आणि माझ्या मनात आलं, घ्या. मग त्याच्या आईचा चेहरा दिसला आणि मी वाळूवरून सरळ घरी आले. म्हणजे मीही यातून सुटलेली नाही, हे तुम्हाला कळावं.

थळच्या बाजारात सदा दिसला. मिशा राखल्यात. भरघोस आल्यात, वर्षभरापूर्वी कुठे होत्या कोण जाणे. मी समोर उभी राहिले तर पाटी तिथेच टाकून निघून गेला. त्याचं लग्न ठरलंय असं बाजारातच कळलं. मला बोलावणं नाही. सदा, सुखानं कर. मी काही येऊन गोंधळ घालणार नव्हते.

सत्यवती


धारबंदर,
ता. १९ ऑक्टोबर १९३१

आप्पा,

अक्षर वाईट आहे, कारण डाव्या हातानं लिहिते आहे. उजवा मोडला आहे.

सदानं तुम्हाला काही सांगितलं नसणार. तो मुखाकडे एकटा आला होता, त्याला बुधाजीनं आणि आणखी दोघांनी पकडलं. ओहोटी होती. त्यांनी त्याला जाळ्याच्या खुंटाला पाठ लावून बांधला आणि भरतीवर सोडून घरी आले. बुधाजी पायावर पाणी घेत होता आणि गुणगुणत होता. इतका खुशीत तो पाच वर्षांत दिसला नव्हता. शेजारची जनी कुंपणाशी येऊन म्हणाली, "सत्ये, तुजा भाव खुंटाव बांधलाय. पानी चरलंय."

मी कोयता घेतला आणि छोटी होडी लोटली. पोचले तेव्हा पाणी त्याच्या हनुवटीला होतं. लाट आली की तोंड बुडायचं, गेली की वर यायचं. तो ओरडत नव्हता. मला पाहून म्हणाला, "जा बाय. ऱ्हाव दे."

खरं सांगते, माझ्याही मनात आलं, ऱ्हाव दे. दोन लाटा मी होडीत नुसती बसून होते. त्याच्या नाकातोंडात पाणी जात होतं आणि मी चांगदेवची वाळू आठवत होते. मग माझा हात आपसूक दोरावर गेला. ते का झालं ते मला सांगता येत नाही. तो भाऊ म्हणून नसेल, कदाचित बुधाजी गुणगुणत होता म्हणून असेल. दोर कापताना सदाच्या मनगटाची कातडी गेली. त्याला तुमच्या काठावरच्या चिखलात उतरवला आणि होडी फिरवली. तुमच्या दारात आले नाही. आले असते तर परत गेले नसते, आणि तुकाराम इकडे आहे.

बुधाजीनं मला काही विचारलं नाही. होडीच्या काठावर माझा हात ठेवला आणि वर वल्हं मारलं. सहा वर्षांचा तुकाराम दारात उभा राहून बघत होता. बाप त्याला म्हणाला, "बग, आपल्या मानसाला दगा दिला का असा व्हतंय."

मिठाच्या वर्षी दोन्ही गावांची पोरं एका झेंड्याखाली उभी राहून लाठ्या खाऊन आली. मला वाटलं, आता संपलं. त्याच श्रावणात त्यांनीच एकमेकांचे दात पाडले. माणसं मरू नयेत म्हणून आजोबांनी पोरं उभी केली होती. आता पोरंही मरतात आणि माणसंही. तर मग खेळ कशासाठी ठेवलाय, ते मला कळवा.

स.


धारबंदर,
ता. ९ जुलै १९३८

तीर्थरूप आप्पांस,

सत्यवतीचा साष्टांग नमस्कार. होय, साष्टांग. आज मागायला बसले आहे.

तुकाराम तेरा वर्षांचा झाला. या वर्षी तो खेळणार. चांगदेव गेला त्याच वयाचा, त्याच घरातला. बापानं त्याला पाळण्यात असल्यापासून यासाठी वाढवलं आहे. इतर पोरांना गोष्टी सांगतात, याला चांगुकाकाच्या तोंडातली वाळू सांगितली.

मी त्याला थळला मावशीकडे पाठवायचं म्हटलं, तर माझ्यावर उखडला. "आये, मी नाय खेललो त कोन खेलंल? सगला गाव माज्या तोंडाकडं बगतंय." आणि ते खरं आहे, आप्पा. रस्त्यानं जातो तर म्हातारे बाजूला होतात. जनी तिच्या पोराच्या आधी त्याला अंडं देते. तो चांगला खेळतो, आणि खेळताना असा दिसतो की मीसुद्धा बघत राहते. त्याला कुणी जबरदस्ती करत नाही, तो आनंदानं जातो आहे. अशा पोराला कुठे कोंडायचं?

तुमच्याकडून कोण उभे राहणार ते मला माहीत आहे. दाढी उपटलेली वीस वर्षांची घोडी. त्यांच्यात माझं एकटं खरं तेरा वर्षांचं पोर. ते त्याची मान मोडतील.

खेळ बंद करा असं आता मी म्हणत नाही. तुम्ही करणार नाही, गाव करू देणार नाही. पण एवढं तरी करता येईल. या वर्षी खरी लहान पोरं उभी करा. आजोबांनी सांगितलं तशी. लहान पोरं लहान पोरांशी खेळली तर रडतील, खरचटतील, घरी येतील. लोक ऐकणार नाहीत म्हणाल, तर आधी तुमच्या घरातलं पोर पुढे करा. सदाचा हिराजी दहा वर्षांचा आहे म्हणे. तुमचा नातू रांगेत उभा दिसला तर बाकीच्यांना लाज वाटेल आणि तेही आपली खरी पोरं आणतील. सोनपाड्यात तुमच्याशिवाय हे कुणाला जमणार नाही.

इकडचं मी बघते. बुधाजीशी बोलले. आधी हसला, मग म्हणाला, "तुजा बापूस खरा वागला त आमी पन वागू." तुकारामच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला.

बारा वर्षांपूर्वी तुमच्याकडून एक वाक्य मागितलं होतं, ते तुम्ही दिलं नाहीत. त्याच्या बदल्यात हे द्या. मला माझा मुलगा जिवंत हवा आहे.

तुमची,
सत्यवती


धारबंदर,
ता. ३० जुलै १९३८

तीर्थरूप आप्पांस साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आलं. सदाचं अक्षर पाहून मी ते कितीतरी वेळ उघडलंच नाही. तुम्ही लिहिता, "सत्ये, बारा वरीस मना झोप नाय. मी हिराजीला उभा करतो. बाकीच्यांना सांगितलंय, ज्याचा पोर मोठा त्यानं घरी ऱ्हावा." हे वाचून मी चुलीपुढे बसून रडले. मी तुमच्याविषयी फार वाईट बोलले आहे, बाहेरही आणि मनातही.

सदानं खाली स्वतःची एक ओळ घातली आहे, "बाय, हिराजी खेळेल, तुझ्या शब्दावर." सदा, तुझी ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली.

इकडची काळजी करू नका. सगळं ठरल्याप्रमाणे आहे. येत्या वर्षी तुमच्या अंगणात दोन्ही पोरांना जेवायला बसवू.

तुमची सत्यवती


धारबंदर,
ता. १४ ऑगस्ट १९३८

आप्पा,

हे पत्र पोस्टानं नको, म्हणून बाबाजीच्या हाती देते आहे. तो घ्यायलाच तयार नव्हता. म्हणाला, मी या दोन्ही गावांच्या पोरांना आता हात लावणार नाही, आणि तुमचे कागदही नेणार नाही. मी त्याचे पाय धरले.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नव्हती. ते पत्र लिहिण्याच्या आदल्या दिवशी मी जनीच्या मागच्या दारी गेले होते. तिचा मोठा मुलगा मांडीवर डोकं ठेवून पडला होता आणि ती चिमटा घेऊन बसली होती. माझ्याकडे पाहून ती थांबलीसुद्धा नाही. मला कळलं की बुधाजीनं कुणाला काही सांगितलेलं नाही. घरी येऊन मी तुम्हाला लिहिलं, सगळं ठरल्याप्रमाणे आहे. खरं लिहिलं असतं तर तुम्ही तुमची मोठी पोरं परत आणली असती, आणि तुकाराम त्यांच्यापुढे उभा राहिला असता. मी हिशेब केला, आप्पा. तुमच्या बाजूनं लहान पोरं असतील तर माझ्या पोराला काही होत नाही. तुमच्या पोरांचं काय होईल, हे मी मनात येऊ दिलं नाही. माझं सगळं लक्ष तुकारामच्या मानेकडे होतं.

तुमची रांग उभी राहिली तेव्हा आमच्या गावात हशा पिकला. हिराजीच्या बरगड्या मोजाव्यात अशा. तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे होता, आणि तो सगळीकडे बघून हसत होता. मग आमची रांग आली. तुकाराम सर्वांत लहान, बाकीचे बेसनानं धुतलेल्या ओठांचे बाप्ये. बाबाजीनं राख लावली, फुंकर मारली, सगळ्यांची उडाली. तुम्ही वाळूवरून सरळ माझ्याकडे पाहिलंत. बारा वर्षांपूर्वी मी त्याच जागी ओरडले होते. या वेळी मी खाली पाहिलं.

तुम्ही पोरांना मागे का नेलं नाहीत? शब्द दिला होता म्हणून? आता विचारून काय उपयोग.

पुढचं तुम्ही पाहिलंत. तुमची पोरं एक एक करून बाद होत गेली, कुणाचा हात, कुणाचं नाक. शेवटी हिराजी राहिला. तो श्वास धरून आला. त्याचा आवाज चिमणीएवढा होता. जनीच्या मुलानं त्याला पाडला, आमचे आणखी दोघे त्याच्या पायांवर पडले, आणि कडेनं बुधाजी ओरडला, "तुका, चांगुकाका आठव." तुकाराम मानेवर बसला. मी धावले, मला बायकांनी धरलं. हिराजीचे पाय वाळूत चालल्यासारखे हलत होते. मग हलायचे थांबले. तुकाराम तरीही उठला नाही. त्याला ओढून काढावा लागला.

जन्मभर मी भीत होते की माझं पोर खाली असेल. ते वर असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

पोलीसपाटलानं पुन्हा लिहिलं, पोहताना बुडाला. तुमच्या पंचांनी पुन्हा मान डोलावली.

गावानं तुकारामला खांद्यावर बसवून घरी आणला. मी पाणी दिलं तर तो म्हणाला, "आये, तो बोलत व्हता तरी मी सोडला नाय." शाबासकी मागत होता. तो जेवला. निजलासुद्धा शांत. रोज कुणी ना कुणी अंडी आणून देतं, तो ती खातो. आणि बुधाजी त्याला सकाळी उजेडात उभा करून हनुवटी वर करतो आणि ओठ निरखतो. म्हणाला, "अजून लय वरसं काडंल यो." घरात नवा चिमटा आणला आहे.

आता यापुढचं आप्पांना वाचून दाखवू नकोस, सदा. हे तुला आहे.

मी माफी मागत नाही. तुझ्या मुलाला मी पत्र लिहून बोलावलं आणि माझ्या मुलानं मारलं. याला माफी नसते, आणि असली तरी ती मागायला माझ्याकडे तोंड नाही. चांगदेवच्या वेळी मी तुला हळू वाच म्हणाले होते. तू ते वाचलंस. आज तूही मला काय हवं ते म्हण.

पण तुकारामला इथे ठेवलं तर पुढल्या वर्षी तो पुन्हा कुणाच्या तरी मानेवर बसेल, त्याच्या पुढल्या वर्षीही, आणि ओठावर राख धरली की दारू पिऊन बापासारखा खुंटाला माणसं बांधील. त्याला इथे सगळे शूर म्हणतात. मी त्याला काय म्हणू? त्यानं काय केलं ते या दोन्ही काठांवर एकाच माणसाला ठाऊक आहे. त्या हाताखाली काय लागलं आणि ते कधी थांबलं, हे तुझ्याशिवाय त्याला कुणी सांगू शकणार नाही. तू सांग. मारून सांगितलंस तरी चालेल, पण सांग.

तुझ्या हातात कोयता असेल तर तेही मी धरून चालले आहे. मी मधे उभी राहीन. माझ्यावर भागलं तर बरं. नाही भागलं, तर तो तुझा न्याय, पण त्याला घेऊन मी इकडे परत येणार नाही.

उद्या दुपारच्या भरतीला निघते. बुधाजी त्या वेळी मुखाशी नवे खुंट बघायला गेलेला असेल. तुकारामला मी सांगितलं आहे की मामाकडे जायचं आहे. त्यानं विचारलं, "मामा मना मारंल काय?" मी म्हटलं, ठाऊक नाही. मग म्हणाला, "तू येशील ना संगती?" चार दिवसांत पहिल्यांदा तो मला तेरा वर्षांचा वाटला.

काठावरच्या लोकांना सांग, होडी जवळ येईपर्यंत दगड मारू नका. पुढे तुकाराम बसलेला असेल. मी मागे वल्ह्यावर असेन.

सत्यवती